खोली तापवायची की माणूस?

डिसेंबरअखेर दिल्लीलगतच्या फरीदाबादमध्ये ऊन दुपारी चारलाच गच्चीवरून उतरतं. मुजेसर, संजय कॉलनी, जवाहर कॉलनी, डबुआ या कामगारवस्त्यांच्या गल्ल्यांत मग एकेका दारापुढे अंगीठी दिसू लागते. कुणाची बाजारातून आणलेली, आतून मातीने लिंपलेली; कुणाची रंगाच्या रिकाम्या डब्याला खिळ्याने भोकं पाडून केलेली; कुणाचं नुसतंच फुटकं घमेलं. तळाला गोवरीचा तुकडा, त्यावर कारखान्यातून बाहेर पडलेल्या पॅकिंगच्या फळ्या आणि सगळ्यात वर लाकडी कोळसा. सुरुवातीला धूर डोळ्यांत जातो, ठसका लागतो, म्हणून सगळा कारभार उंबऱ्याबाहेर. हळूहळू धूर विरतो, कोळशांवर करडी राख धरते, आतली लाली दिसू लागते आणि वर इवल्या निळ्या ज्योती फिरायला लागतात. अंगीठी आता ‘तयार’ झाली. कुणीतरी जाड फडक्यात धरून ती आत नेतं आणि मागे दार लावून घेतं.

उत्तरेकडच्या हिवाळ्यात याहून धोक्याचा क्षण नाही. धूर असतो तोवर माणूस सावध असतो; धूर गेला की त्याला वाटतं, विस्तव निवळला. प्रत्यक्षात त्या निळ्या ज्योती म्हणजे कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू जळत असतो. मोकळ्या हवेत तो बराचसा जळून जातो. बंद खोलीत प्राणवायू कमी पडायला लागला, ज्योती विझल्या आणि नुसते निखारे धुमसत राहिले, की तोच वायू न जळता खोलीत साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबणं नाही. सोबत असते ती फक्त सुखाची ऊब आणि झोप.

१४ जानेवारी २०२४ रोजी दिल्लीच्या उत्तर टोकाला, अलीपूरजवळच्या खेडा कलां गावात एका खोलीचं दार फोडावं लागलं. आत आई, वडील आणि दोन मुलगे मृतावस्थेत होते. जवळ कोळशाची अंगीठी होती. त्याच दिवशी पश्चिम दिल्लीतल्या इंदरपुरीत दोघेजण असेच गेले. ५ जानेवारी २०२५ रोजी श्रीनगरच्या पांद्रेठन भागात भाड्याने राहणारं पाच जणांचं कुटुंब गुदमरून संपलं. त्यांत तीन लहान मुलं होती. जानेवारी २०२० मध्ये नेपाळातल्या दामन इथे केरळहून फिरायला गेलेले आठ पर्यटक हॉटेलच्या एकाच खोलीत, गॅसच्या हीटरपाशी झोपले आणि सकाळी उठले नाहीत. गावं वेगळी, उंची वेगळी, खिसे वेगळे. सारखं होतं ते एवढंच, की खोली स्वतःची नव्हती किंवा दुसरा पर्याय दिसत नव्हता, थंडी सोसवत नव्हती आणि दार-खिडक्या घट्ट लावलेल्या होत्या.

बातमी दोन दिवस चालते. ‘अंगीठी लावून झोपू नका’ असं आवाहन होतं आणि पुढच्या धुक्यापर्यंत विषय मिटतो. पण लोक अंगीठी लावून का झोपतात, याचं उत्तर अडाणीपणात शोधून भागत नाही. ते त्या खोलीत, तिच्या भाड्यात आणि तिच्या वीजमीटरमध्ये आहे.

खोलीचा हिशोब

फरीदाबाद हे कारखान्यांचं शहर. एस्कॉर्ट्सचे ट्रॅक्टर, बल्लभगडचा गुडइयरचा टायरचा कारखाना, जेसीबीची यंत्रं, बाटा चौकाला नाव देऊन गेलेली बाटा. आणि या मोठ्यांना सुटे भाग पुरवणारी असंख्य लहान वर्कशॉपं. त्यांत काम करणारा माणूस पूर्व उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, बंगालमधून, नेपाळमधून आलेला. तो राहतो ‘कमऱ्या’त. मधे अरुंद चौक किंवा बोळ, दोन्ही बाजूंना ओळीने खोल्या, टोकाला सामायिक नळ आणि संडास. भिंत बहुधा साडेचार इंची विटांची, छत दगडी पट्ट्यांचं, सिमेंटचं किंवा सरळ पत्र्याचं. दाराखेरीज उघडणारी जागा म्हणजे वरचा झरोका, तोही थंडी सुरू झाली की पुठ्ठा, जुनी पँट किंवा सिमेंटची गोणी कोंबून बंद केलेला.

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार घरात एकच राहण्याजोगी खोली असेल तर ती किमान साडेनऊ चौरस मीटर हवी, आणि खिडक्या-झरोक्यांचं क्षेत्रफळ हवामानाप्रमाणे जमिनीच्या एक षष्ठांशापासून एक द्वादशांशापर्यंत हवं. दहा बाय दहा फुटांची खोली सव्वानऊ चौरस मीटरच भरते. म्हणजे खोली मापात किंचित कमी आणि हवेत पुष्कळच कमी.

आता पाटीवर मांडून पाहू. दहा बाय दहा, उंची नऊ फूट: ९०० घनफूट, साधारण २५ घनमीटर हवा. किलोभर कोळसा जळताना ५० ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड निघाला असं धरू. हा अंदाज सावधच आहे. हवा बाहेर जायला वाट नसेल तर दर घनमीटरला दोन ग्रॅम वायू होतो, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत सतराशेच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेची एका तासासाठीची मर्यादा घनमीटरला ३५ मिलिग्रॅम आहे. आपला आकडा तिच्या पन्नास पटींहून वर जातो. इतक्या प्रमाणात डोकं दुखणं, गरगरणं आणि मळमळ अर्ध्या तासाच्या आतच सुरू होते आणि एक-दोन तासांत माणूस दगावू शकतो. दाराखालची फट, पत्र्याचा सांधा यांतून थोडी हवा खेळते, म्हणून प्रत्येक अंगीठी जीव घेत नाही. काल काही झालं नाही, हा अनुभव मात्र लोकांना आजच्या रात्री निर्धास्त करतो. आणि नेमक्या ज्या रात्री थंडी सगळ्यात कडक, त्याच रात्री फट नीट बुजवलेली असते.

हा वायू शरीरात काय करतो? रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कार्बन मोनॉक्साइडची ओढ दोनशे ते अडीचशे पट जास्त. एकदा तो चिकटला की प्राणवायूला जागा उरत नाही. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच हे दाखवलं होतं. आधी डोकं जड होतं, मग पायांतलं बळ जातं. इथेच घात आहे: काहीतरी बिनसलंय हे कळेपर्यंत उठून कडी काढण्याची ताकद गेलेली असते. झोपलेल्याला तर तेवढंही कळत नाही. लहान मूल दर मिनिटाला मोठ्यांपेक्षा जास्त वेळा श्वास घेतं, म्हणून त्याला विषबाधा लवकर होते. गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला धोका त्याहून मोठा.

गल्लीत फिरताना काही समजुती पुन्हा पुन्हा ऐकू येतात. अंगीठीशेजारी पाण्याची बादली ठेवली की गॅस पाण्यात जातो, ही पहिली. पाण्याने हवेचा कोरडेपणा कमी होईल, पण कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जवळपास विरघळतच नाही. गॅस हलका असतो, खाली जमिनीवर झोपलं की चालतं, ही दुसरी. तो हवेपेक्षा अगदी किंचित हलका आहे आणि खोलीभर सारखा मिसळतो. खाटेवर आणि खाटेखाली फरक नाही. झोपण्याआधी अंगीठी विझवली की झालं, ही तिसरी. राखेखालचा निखारा पुढे कितीतरी वेळ धुगधुगत असतो, आणि आधी साठलेला वायू दार उघडल्याशिवाय जात नाही.

कोळसाच का?

हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे मैदानी प्रदेशात किमान तापमान चार अंशांवर किंवा त्याखाली आलं की थंडीची लाट, दोन अंशांवर आलं की तीव्र लाट. पण इथल्या थंडीचा खरा मार दिवसाचा. धुकं चढलं की दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही, भिंती तापत नाहीत आणि रात्री त्याच गार भिंती खोलीतली ऊब ओढून घेतात. ३० डिसेंबर २०१९ ला दिल्लीच्या सफदरजंग केंद्रावर दिवसाचं कमाल तापमान ९.४ अंश नोंदलं गेलं. महाराष्ट्रात महाबळेश्वरच्या रात्रीही बहुधा इतक्या गार नसतात, आणि हा भर दुपारचा आकडा होता.

अशा रात्री एक हजार वॉटचा हीटर आठ तास चालवला तर आठ युनिटं जळतात. मीटर घरमालकाच्या नावावर, खोलीत सब-मीटर, आणि युनिटचा दर तो सांगेल तो. दहा रुपये धरला तरी एका रात्रीचे ८० रुपये, महिन्याचे २,४००. दिवसपाळी अधिक ओव्हरटाइम करून पोट भरणाऱ्याला हा खर्च झेपत नाही. बऱ्याच ठिकाणी हीटर लावायला मुळात मनाईच असते, कारण साऱ्या मजल्याचं वायरिंग दिवा, पंखा आणि मोबाइल चार्जरपुरतं. दोन हजार वॉटचा हीटर पावणेनऊ अँपिअर वीज खेचतो. सहा अँपिअरच्या प्लगला तो जोडला की आधी पिन तापते, मग एक्स्टेन्शनचा बोर्ड पिवळा पडतो आणि पुढे जळका वास सुटतो. घरमालकाची मनाई अगदीच खोटी नसते. पण तिचा अर्थ इतकाच होतो, की भाडेकरूच्या हाती कोळसा उरतो.

त्यात आणखी एक गाठ आहे. प्रदूषणाचा पारा चढला की दिल्ली परिसरात वायू गुणवत्ता आयोगाची टप्प्याटप्प्याची बंधनं लागू होतात. उघड्यावर काहीही जाळायचं नाही आणि रहिवासी सोसायट्यांनी आपल्या सुरक्षारक्षकांना, सफाई कामगारांना विजेवरचे हीटर पुरवायचे, असं त्यांत स्पष्ट आहे. १ जानेवारी २०२३ पासून राजधानी परिसरातल्या उद्योगांत, औष्णिक वीजकेंद्रं सोडून, कोळशालाही बंदी आहे. या नियमांची गरज कुणी नाकारणार नाही. मात्र त्यांची नजर आकाशातल्या धुराकडे आहे. सेक्टरातल्या फाटकावरच्या रक्षकाचा विचार त्यांत आला; तोच रक्षक ड्यूटी संपवून ज्या खोलीत परततो, तिथली बिनधुराची अंगीठी कुठल्याच यंत्रात मोजली जात नाही. चौकातली शेकोटी दंडाच्या भीतीने बंद झाली तर विस्तव घरात शिरणार, हेही उघड आहे.

हे आपल्याकडेही आहे

मराठी वाचकाने हे परमुलखातलं संकट समजून पान उलटू नये. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी, वर घोंगडी, दारं-खिडक्या बंद आणि ओव्याची धुरी, हा शेक आपल्या आज्यांनी घेतला आणि दिला. जुन्या घरांच्या कौलांतून, दारांच्या फटींतून हवा खेळायची म्हणून बहुतेकदा निभावलं. तीच शेगडी फ्लॅटमधल्या अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांआड आली की गणित बदलतं. मुंबई, पुणे, नाशिककडे न्हाणीघरातल्या गॅस गीझरने जीव गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, त्यामागेही हाच वायू असतो: चार बाय सहाची मोरी, बंद दार, बंद केलेला एक्झॉस्ट, आणि धूर बाहेर नेणारं नळकांडं नसलेला गीझर. पूर्वी पाणी तापवायचा तांब्याचा बंब परसात किंवा पडवीत असायचा, याचं मोल आता कळतं.

फरीदाबादमध्येही मराठी माणूस आहेच. एनएचपीसीचं मुख्यालय इथे, केंद्रीय भूजल मंडळाचं भूजल भवन इथे, इंडियन ऑइलचं संशोधन केंद्र सेक्टर १३ मध्ये आणि अरवलीच्या कडेला जैवतंत्रज्ञानाच्या संस्था. सांगली-साताऱ्याकडून पीएच.डी.ला किंवा पहिल्या नोकरीला आलेला मुलगा सेक्टरातल्या कोठीच्या गच्चीवरची ‘बरसाती’ भाड्याने घेतो. वरून पत्रा, तिन्ही बाजूंनी वारा. पहिल्या हिवाळ्यात घरून आणलेला स्वेटर तोकडा पडतो, गार पाण्याने बोटं वाकत नाहीत, आणि मग कुणीतरी सुचवतं: एक अंगीठी आणून टाक. त्याची खोली मुजेसरच्या खोलीपेक्षा बरी असेल. कार्बन मोनॉक्साइडला तो फरक कळत नाही.

या शहराची सुरुवातच निवाऱ्याच्या प्रश्नातून झाली आहे. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून, बन्नू, कोहाट, डेरा इस्माइल खानकडून आलेले निर्वासित इथे आधी तंबूंत राहिले. १९४९ मध्ये राजेंद्र प्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली फरीदाबाद विकास मंडळ स्थापन झालं. नेहरूंचं त्यावर जातीने लक्ष होतं, कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियनचे कार्यकर्ते इथे राबले, त्यांतल्याच एल. सी. जैन यांनी पुढे या प्रयोगावर पुस्तक लिहिलं. ठेकेदार बाजूला ठेवून निर्वासितांनी आपली घरं, शाळा, रुग्णालय स्वतः बांधावं, असा तो प्रयोग होता. आज एनआयटी (न्यू इंडस्ट्रियल टाउनशिप) म्हणून ओळखला जातो तो हा भाग. सरहद्द गांधी बादशाह खान यांच्या नावाने उभं राहिलेलं तिथलं रुग्णालय अजूनही लोकांच्या तोंडी ‘बी. के.’च आहे. त्या लोकांनी तंबूतून निघून स्वतःच्या हाताने भिंत उभी केली. झरोका कुठे ठेवायचा हे ज्याचं त्याला ठरवता आलं. त्यांच्या मागून आलेल्या पिढ्यांना खोली मिळाली, पण भिंतीत भोक पाडायचा अधिकार मिळाला नाही.

गोठलेल्या तळ्यावरची खोली

भाड्याची छोटी खोली, बाहेर जीवघेणी थंडी आणि आत विस्तव, हा मामला जगात जिथे अगदी टोकाला गेला आहे, तिथे लोक काय करतात? अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात हिवाळ्यात तळी गोठतात. मिल लॅक्स, लेक ऑफ द वूड्स अशा मोठ्या तळ्यांवर मासेमारीच्या लाकडी किंवा पत्र्याच्या खोल्या ओढत नेऊन ठेवतात आणि रात्रीच्या हिशोबाने भाड्याने देतात. आत चारेक बाकं, वर-खाली झोपायच्या फळ्या, जमिनीला भोकं, त्यांखालच्या बर्फालाही भोकं, आणि कोपऱ्यात प्रोपेन गॅसचा हीटर. मिनीअ‍ॅपोलिसच्या उपनगरांत आयटीत काम करणारी मराठी कुटुंबंही आता हौसेने एखादी रात्र अशा खोलीत काढतात. बाहेर उणे वीस, आत माणूस शर्टावर बसलेला.

जाण्याआधीची पहिली काळजी बर्फाची. तिथल्या नैसर्गिक संसाधन विभागाचं मार्गदर्शन आहे, की चालायला किमान चार इंच, लहान मोटार न्यायला नऊ ते दहा इंच नवा, पारदर्शक बर्फ हवा. पांढरा बर्फ असेल तर दुप्पट जाडी हवी. पण बर्फ मजबूत असला तरी खोलीतला धोका तोच, फरीदाबादचा. वारा आत येऊ नये म्हणून लोक खोलीच्या बुडाशी चहूबाजूंनी बर्फ थापतात आणि त्यात खालचं हवेचं भोक बुजतं. म्हणून जाणती माणसं काही गोष्टींवर तडजोड करत नाहीत. हीटर असा हवा, जो जळण्यासाठी बाहेरची हवा घेतो आणि धूर नळकांड्याने बाहेरच टाकतो. खाली एक आणि वर एक अशी दोन भोकं उघडी हवीत. कार्बन मोनॉक्साइडचा, बॅटरीवर चालणारा अलार्म झोपायच्या उंचीजवळ हवा आणि मुक्कामाआधी बटण दाबून तो वाजवून पाहायला हवा. हातात धरून न्यायचा उघड्या ज्योतीचा हीटर बसल्या बसल्या वापरला तरी झोपताना बंद. भाड्याने घेणाऱ्याने किल्ली घेतानाच हे विचारायचं असतं, आणि नीट धंदा करणारा मालक विचारण्याआधी दाखवतो.

मौजेसाठी घेतलेल्या एका रात्रीच्या भाड्यात जर हवेचं भोक आणि अलार्म येत असेल, तर पोटासाठी घेतलेल्या वर्षभराच्या भाड्यात तो का येऊ नये, हा प्रश्न तिथून थेट मुजेसरला येतो.

आपल्या लष्करालाही या प्रश्नाने छळलं आहे. लडाख-सियाचीनच्या चौक्यांत रॉकेलवरची शेगडी, म्हणजे बुखारी, हाच आधार, आणि तिच्यापायी जवान गुदमरण्याचा धोका कायमचा. डीआरडीओच्या दिल्लीतल्या शरीरक्रियाशास्त्र संस्थेने त्यासाठी ‘हिमतापक’ तयार केला. त्याचा एक हेतूच कार्बन मोनॉक्साइडचे बळी टाळणं हा. २०२१ च्या सुरुवातीला लष्कराने ४२० कोटी रुपयांहून मोठी मागणी नोंदवल्याचं जाहीर झालं. म्हणजे यावर तोडगा निघतो. तो कुणासाठी काढायचा, एवढाच प्रश्न.

रात्र काढायची कशी

उपदेश करणाऱ्याने आधी मान्य करावं, की ‘अंगीठी नको’ म्हणताना तिच्या जागी काहीतरी द्यावं लागतं. इथे एक साधी गोष्ट कामाला येते. अंगीठी आणि हीटर खोली तापवतात: २५ घनमीटर हवा, गार भिंती, गार छत. माणसाला मात्र ऊब हवी असते ती अंगाभोवतीच्या चार बोटांत. स्वस्थ पडलेलं माणसाचं शरीर सुमारे ८० ते १०० वॉट उष्णता स्वतःच देत असतं. ती अडवून धरली की अर्धं काम झालं.

उष्णता सगळ्यात जास्त पळते ती खालून. म्हणून रजई आणखी एक घेण्याआधी गादीखाली काहीतरी घाला: चटई, तिच्यावर कारखान्यातून मिळणारे जाड पुठ्ठे, मग गादी. फरशीवरची गादी खाटेवर किंवा फळीवर गेली तर उत्तमच. रजई म्हणजे कापसात अडकलेली हवा. कापूस दबला, ओलसर झाला की ती निकामी. नोव्हेंबरमध्ये कापूस पिंजून घ्यायचा आणि ऊन पडेल त्या दिवशी रजई गच्चीवर टाकायची, ही इथली जुनी रीत शास्त्राला धरून आहे. डोक्याला टोपी, पायांत कोरडे मोजे. दिवसभर घातलेले घामट कपडे रात्री बदला. ओलावा थंडी वाढवतो. दारू प्यायल्याने ऊब वाटते खरी, पण त्वचेकडे धावलेलं रक्त अंगातली उष्णता बाहेर सोडतं, आणि गुंगीतल्या माणसाला विषबाधेची चाहूलही लागत नाही.

त्यावर बाहेरून थोडी ऊब. दोन लिटर पाणी गरम करायला जेमतेम एक-दीड रुपयाची वीज लागते. ते रबरी पिशवीत भरून, फडक्यात गुंडाळून पायांशी ठेवलं तर अर्धी रात्र सरते. पाणी उकळतं भरू नये. झाकण घट्ट बसलं की नाही, हे पिशवी उलटी करून पाहावं. विजेचं ब्लँकेट साधारण शंभर वॉटचं. झोपण्याआधी अर्धा तास लावून बंद केलं तर खर्च पन्नास पैसे, आणि रात्रभर चाललं तरी युनिटभरही वीज लागत नाही. हीटरचे ८० रुपये आणि हे आठ रुपये, हा फरक खोली तापवणं आणि माणूस तापवणं यांतला आहे. ब्लँकेट घडी घालून किंवा ओलं वापरू नये; अंथरूण ओलं करणाऱ्या बाळाला आणि आपण होऊन बाजूला न सरकू शकणाऱ्या आजाऱ्याला ते नको.

हीटर लावायचाच तर सोळा अँपिअरच्या प्लगला, थेट. एक्स्टेन्शन बोर्डावर नाही. रजई, पडदा, वाळत घातलेले कपडे यांच्यापासून तीन फूट लांब. पाणी तापवायच्या रॉडचा प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही आणि लोखंडी बादली वापरायची नाही.

खोलीत कुठलाही विस्तव नसेल तर खिडकीच्या फटी बुजवायला हरकत नाही. तरीही वरचा झरोका चार बोटं उघडा राहू द्या, श्वासाच्या वाफेने भिंतींना ओल धरते. त्याच खोलीत छोट्या सिलिंडरवर स्वयंपाक होत असेल तर तेवढा वेळ दार उघडं, आणि हात शेकण्यासाठी म्हणून शेगडी पेटती ठेवायची नाही. अंगीठी पेटवायची असेल तर ती बाहेरच शेका आणि बाहेरच सोडा. ‘तयार’ झालेली अंगीठी आत नेण्याजोगी कधीच नसते.

एकाच खोलीतल्या दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखू लागलं, उलटीसारखं होऊ लागलं आणि बाहेर आल्यावर बरं वाटलं, तर ते शिळं अन्न नाही. सगळ्यांनी बाहेर पडा, दार सताड उघडा, ११२ ला फोन करा. आतल्या बेशुद्ध माणसाला ओढून बाहेर काढायला जाणाऱ्याने श्वास रोखून जावं आणि लगेच परत यावं. दवाखान्यात ‘बंद खोलीत कोळसा होता’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर या वायूने भरलेल्या रक्तालाही ९८ दाखवू शकतं. त्यावर विसंबून घरी परतू नका, रक्ततपासणी करायला सांगा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कमधून शुद्ध प्राणवायू मिळाला तर सव्वा ते दीड तास. बरा झालेला माणूसही पुढच्या काही आठवड्यांत विसराळू, चिडचिडा झाला, चालताना अडखळू लागला, तर त्याला पुन्हा दाखवा. मेंदूवरचा परिणाम उशिरा दिसू शकतो.

भाडेपावतीत हवा

एवढं सगळं भाडेकरूने करायचं आणि भाडं घेणाऱ्याने काय? २०२१ मध्ये केंद्राने राज्यांसाठी आदर्श भाडेकरार कायदा तयार केला. त्याच्या अनुसूचीत घरमालकाच्या वाट्याला बांधकामाची दुरुस्ती, रंगरंगोटी, नळ आणि आतलं-बाहेरचं विजेचं वायरिंग येतं. वायरिंग त्यात आहे, हे भाडेकरूने ध्यानात ठेवावं. हवेचा उल्लेख नाही, हे कायदा करणाऱ्यांनी.

फरीदाबादच्या घरमालकाकडे मागावं असं फार काही नाही. छताजवळ एक आणि दाराच्या खालच्या अंगाला एक अशी दोन जाळीची भोकं, ज्यांत गोणी कोंबता येणार नाही. खोलीत सोळा अँपिअरचा एक प्लग आणि मजल्याला गळती ओळखून वीज तोडणारा स्विच. सब-मीटरचा दर वीज कंपनीच्या दराइतकाच. ओळीतल्या दहा खोल्यांचं हे काम गवंड्याच्या आणि वायरमनच्या थोड्या दिवसांच्या मजुरीत होतं. कारखानदार आपल्या कामगाराला दिवाळीला मिठाईचा डबा आणि स्टीलची भांडी देतात. त्याऐवजी एखाद्या वर्षी विजेचं ब्लँकेट आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दिला, तर कामगार जानेवारीत हजेरीवर धडधाकट येईल. सोसायटीच्या रक्षकाला हीटर देण्याचा नियम करता आला, तर त्याच्या खोलीचा झरोका तपासण्याचाही करता येईल.

हा अंक हाती पडेल तेव्हा उत्तरेत रजयांचा कापूस पिंजायला घेतला असेल आणि गच्चीवरच्या बरसात्या नव्या भाडेकरूंना दाखवल्या जात असतील. आपल्यापैकी कुणाचा मुलगा, भाची, मित्र दिल्ली-फरीदाबादकडे खोली शोधत असेल, कुणी डिसेंबरात मनाली-काश्मीरचं हॉटेल ठरवत असेल. भाडं किती, पाणी किती वेळ, मेट्रो किती लांब, हे सगळे विचारतातच. त्यांना आणखी दोन प्रश्न विचारायला सांगा: रात्री खोली कशाने तापते, आणि दार लावल्यावर हवा कुठून येते? दुसऱ्या प्रश्नाला घरमालकाकडे उत्तर नसेल, तर पहिल्याचं उत्तर काहीही असो, ती खोली घेऊ नका.